संघातला सर्वांत हळू माणूस

ऑगस्ट लागला की आमच्या घरामागच्या पार्कात कौन्सिलचा एक माणूस पांढऱ्या रंगाची ढकलगाडी घेऊन येतो आणि गवतावर रेषा मारायला लागतो. उन्हाळाभर तिथे मुलं लोळलेली असतात, कुणी पुस्तक वाचत पडलेलं असतं, कुत्री चेंडूमागे धावत असतात. त्या माणसाने चार रेषा मारल्या की त्याच गवताचं मैदान होतं. आत कोण आणि बाहेर कोण, हे एकदम ठरून जातं. मी हॉस्पिटलला निघालेली असते, बस चुकणार हे दिसत असतं, तरी थांबते. ओला रंग, नुकतंच कापलेलं गवत आणि नॉटिंगहॅमच्या ऑगस्टमधला तो किंचित गार वारा. तेवढ्यावर एक अख्खा सीझन परत येतो.

सीझन म्हणजे फुटबॉलचा. नागपूरला वाढलेल्या मुलीला ऋतू कुणी शिकवावे लागत नाहीत. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की उन्हाळा, रस्त्याकडेला संत्र्यांच्या गाड्या लागल्या की थंडी. इथे आल्यावर मात्र पहिली काही वर्षं सगळे महिने मला सारखेच राखाडी दिसायचे. या देशाचा ऋतू मला कळला तो एका फुटबॉल क्लबच्या ट्रीटमेंट रूममध्ये, लोकांच्या पायांवरून. ऑगस्टमध्ये उन्हाने लाल झालेल्या माना. ऑक्टोबरात पोटऱ्यांवर वाळलेला चिखल. जानेवारीत मांड्या इतक्या गार की हात लावला की माझीच बोटं आखडायची. आणि एप्रिलमध्ये कुठेही दाबलं तरी दुखणारा, सीझनभर साठलेला थकवा.

गोष्ट दोन हजारच्या दशकाच्या मधली आहे. मी फिजिओथेरपिस्ट. आधी नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात होते, मग शहरापासून अर्ध्या तासावरच्या एका प्रोफेशनल क्लबने मला घेतलं. फार मोठा क्लब नव्हे. टीव्हीवर क्वचित दिसणारा, पण गावातल्या चिप्सच्या दुकानापासून चर्चपर्यंत सगळ्यांना आपला वाटणारा. माझं वर्क परमिट त्या क्लबच्या नावावर होतं, आणि माझा नवरा अभय माझ्या परमिटवर इथे होता. नॉटिंगहॅममधल्या एका इन्शुरन्स कंपनीत तो जोखमींचे हिशेब करायचा. घरी हा आमचा विनोद होता, की धोके मोजायचा पगार त्याला आणि धोक्यात राहायचा मला.

पहिल्या दिवशी खेळाडू एकेक करून आत आले. कुणी मला ‘डक’ म्हणालं, इकडे प्रेमाने सगळ्यांनाच म्हणतात तसं. कुणी नुसतंच ‘फिज’. मृणाल हे नाव कुणाच्या जिभेवर बसेना. सर्वांत शेवटी कॅप्टन आला. उंच, खांद्याने दार भरून टाकणारा, कानशिलांवर थोडे पांढरे केस. डेल्रॉय.

“नाव नीट सांग,” तो म्हणाला. “मला नीट म्हणायचंय.”

मी सांगितलं. त्याने म्हणून बघितलं. पुन्हा म्हणून बघितलं. तिसऱ्यांदा ‘मृ’ जवळजवळ जमला.

“बरोबर?”

“जवळपास.”

“जवळपास नको. उद्या बरोबर म्हणेन.” आणि दुसऱ्या दिवशी त्याने खरंच बरोबर म्हटलं.

डेल्रॉय डिफेंडर होता. आपल्या गोलपुढे उभं राहायचं आणि समोरून धावत येणाऱ्यांना अडवायचं, हे त्याचं काम. सोमवारी सकाळी मी त्याच्या उजव्या गुडघ्यावर काम करायची आणि कोपऱ्यातला रेडिओ शनिवारच्या मॅचबद्दल बोलायचा. समालोचक डेल्रॉयचं कौतुक करत. काय वेग! काय ताकद! नुसतं पोलाद आहे हा माणूस! निसर्गाने दिलेलं शरीर!

पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा डेल्रॉय इतका हसला की माझ्या हातातला पाय हलायला लागला.

“मृणाल, तू आमच्या स्प्रिंटचे आकडे बघितलेस ना?”

बघितले होते. संघात सर्वांत हळू धावणारा माणूस डेल्रॉय होता. गोलकीपरसुद्धा त्याच्या पुढे होता.

“शाळेपासून हळू आहे मी,” तो म्हणाला. “पण बॉल कुठे जाणार हे मला आधी दिसतं. समोरचा पोरगा खांदा वळवतो ना, तेव्हाच मी निघालेला असतो. म्हणून वेळेवर पोचतो. पोचलो की हे म्हणतात, काय धावला!”

त्याच रेडिओवर आमच्या दुसऱ्या डिफेंडरबद्दल, म्हणजे एका गोऱ्या मुलाबद्दल, काय म्हणतात तेही मग मी कान देऊन ऐकायला लागले. तो विचारी होता. त्याला खेळ वाचता येत होता. त्याचं डोकं शांत होतं. मुलगा चांगलाच होता आणि धावायचा तर हरणासारखा. त्याच्या वेगाबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं.

एकदा कानाला लागलं की हे सगळीकडेच ऐकू येतं. माझ्या टेबलावर रोज वीसेक जोड्या पाय यायचे, काळे, गोरे, मधल्या सगळ्या छटांचे. आखडलेला स्नायू बोटांना कळतो, सुजलेला सांधा कळतो. निसर्गाने कुणाला काय जास्त दिलं, ते मला कधी बोटांना लागलं नाही. जास्तीचा सराव लागायचा, जास्तीचा मार लागायचा. क्लबच्या त्या इमारतीत मात्र एक वाटणी अगदी उघड दिसायची. मैदानावर निम्मा संघ काळा. टचलाइनच्या, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेच्या, अलीकडे, जिथे मॅनेजर, कोच आणि त्यांचे मदतनीस बसत, तिथे एकही नाही. जिना चढून वर गेलं की बोर्डरूमच्या भिंतीवर जुन्या चेअरमन लोकांचे फोटो, सगळे गोरे, एकसारख्या टायमधले. खाली पाय, वर डोकी. कुणी नियम केला नव्हता. नियम नव्हता म्हणूनच कुणाला तो मोडता येत नव्हता.

डेल्रॉयला मोडायचा होता. त्याने कोचिंगच्या परीक्षा एकेक करून देऊन टाकल्या होत्या. सुट्टीच्या दिवशी तो दुसऱ्यांच्या मॅचेस बघायला गाड्या बदलत जायचा. ट्रीटमेंट चालू असताना माझ्याच चिकटपट्ट्यांची रिळं टेबलावर मांडून मला दाखवायचा, हा इथे असायला हवा होता, तो तिथे. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही. पण माणूस शिकवतोय की नुसतं बोलतोय, हे कळतं. डेल्रॉय शिकवायचा.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी तो मला आणि अभयला आईकडे जेवायला घेऊन गेला. मिस आयव्ही. त्यांना सगळे असंच म्हणत. जमैकाहून तरुणपणी आलेल्या, नॉटिंगहॅमच्याच हॉस्पिटलात वॉर्डमध्ये आयुष्यभर पेशंटची अंगं पुसलेल्या. राजमा घातलेला नारळाच्या दुधातला भात त्यांनी वाढला आणि अभयने न विचारता तिसऱ्यांदा घेतला. मी त्याच हॉस्पिटलात काम करत होते म्हटल्यावर त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

“तुला कुणी म्हणालं का गं, हात लावू नको म्हणून?”

“एकदा. एका आजोबांना इंग्लिश फिजिओ हवी होती.”

“मग?”

“मी म्हटलं, इंग्लिश फिजिओ सुट्टीवर आहे, तोवर तुमचा खांदा धरून ठेवा.”

मिस आयव्ही टाळी देऊन हसल्या. “मला म्हणायचे, तुझे काळे हात लावू नकोस. मी म्हणायची, मग राहा तसाच घाण, डार्लिंग. दुपारी हाक मारायचेच.”

मग त्यांनी, हसू तसंच ठेवून, सांगितलं की डेल्रॉय पहिल्यांदा मोठ्या संघात खेळला तेव्हा त्या मैदानावर गेल्या होत्या. चांगली टोपी घालून. त्यांच्या मागच्या रांगेतली माणसं मॅचभर त्यांच्या मुलाला माकडाचे आवाज काढून दाखवत होती. पुढे बसलेली बाई त्याची आई आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यानंतर त्या कधी गेल्या नाहीत. “मी रेडिओ ऐकते,” त्या म्हणाल्या. “रेडिओच्या मागे कुणी बसलेलं नसतं.”

नोव्हेंबरातली ती मॅच आमच्याच मैदानावर होती. दुपारीच फ्लडलाइट लागलेले, पाऊस म्हणावा असा नाही पण सगळं ओलं. मी बाकावर माझी बॅग पायाशी धरून बसले होते. आमच्या बाकाच्या अगदी मागे चांगल्या खुर्च्या असत, स्पॉन्सरच्या पाहुण्यांसाठी. आमच्या शर्टांवर ज्या कंपनीचं नाव छापलेलं होतं, तिच्या मालकांच्या घरातला एक माणूस तिथे बसला होता. उंची कोट, गळ्यात क्लबचा मफलर.

डेल्रॉयने गोलकीपरकडे दिलेला पास कमी पडला. समोरच्याने तो पळवला आणि गोल झाला. चूक सरळ सरळ डेल्रॉयची होती आणि त्याने हात वर करून ती कबूलही केली. तेवढ्यात माझ्या मागून तो माणूस ओरडला. दोन शब्द, एक रंगाचा आणि एक जनावराचा. ते मी इथे लिहीत नाही. पुन्हा ओरडला. आजूबाजूला कुणी हसलं, कुणी बुटांकडे बघितलं.

खेळ पुन्हा सुरू झाला. बॉल डेल्रॉयकडे आला. त्याने तो पायाने अडवला, खाली वाकला आणि शांतपणे दोन्ही हातांनी उचलला.

गोलकीपर सोडून कुणी बॉल हाताने उचलत नाही. शिट्टी वाजली. डेल्रॉय बॉल काखेत घेऊन चालत टचलाइनपर्यंत आला आणि माझ्यापासून दोन हातांवर उभा राहिला. रेफरी धावत आला.

“बॉल दे.”

“तो माणूस बाहेर गेला की देतो.” डेल्रॉयने बोट दाखवलं नाही, फक्त बघितलं. सगळ्यांना कळलं कोणाकडे ते.

“मला कार्ड दाखवावं लागेल.”

“दाखवा. तुमचं काम आहे ते.”

रेफरीने पिवळं कार्ड दाखवलं. डेल्रॉय हलला नाही. प्रेक्षकांतून शिट्ट्या, आरडाओरडा. आमचा मॅनेजर, ज्याला सगळे गॅफर म्हणत, कपाळावर हात मारून म्हणाला, “डेल, नंतर बघू ना, नंतर.” डेल्रॉय म्हणाला, “ते ‘नंतर’ मी अठरा वर्षांचा असल्यापासून चाललंय, गॅफर.”

मग आमचा गोलकीपर आपला गोल सोडून चालत आला आणि डेल्रॉयच्या शेजारी उभा राहिला. मग दुसरा. मग समोरच्या संघाचा कॅप्टन.  ओल्या शर्टांतून वाफा निघत होत्या, त्या फ्लडलाइटमध्ये दिसत होत्या. शेवटी पिवळ्या जॅकेटमधल्या, मैदानाचा बंदोबस्त बघणाऱ्या स्ट्युअर्डने त्या माणसाच्या खांद्याला हात लावला आणि तो उठून बाजूच्या दाराने गेला. डेल्रॉयने बॉल रेफरीच्या हातात दिला. “थँक यू,” म्हणाला. आम्ही ती मॅच हरलो.

त्याच संध्याकाळी मला निरोप आला, सोमवारी चेअरमनना भेटा.

रविवारी सकाळी मी पोहे परतत होते. अभय ओट्याला टेकून उभा होता.

“त्यांनी परमिट काढून घेतलं तर?” त्याने विचारलं.

“तर हॉस्पिटल आहे.”

“हॉस्पिटलला वेळ लागेल. मध्ये आपण दोघंही लटकलेले.”

“हो.”

त्याने खणातून सुरी काढली. मग लिंबू घेऊन कापायला लागला. “तू ऐकलंस ना, नक्की?”

“नक्की.”

“मग सांगून टाक. मी काय, धोका किती ते मोजत होतो. घ्यायचा नाही असं कुठे म्हटलं?”

चेअरमनची खोली उबदार होती. गालिचा, बिस्किटं, चांगल्या कपांतला चहा. माणूस सभ्य. त्याने आधी माझ्या कामाची स्तुती केली.

“आमच्याकडे अशा गोष्टींना थारा नाही, हे तुम्ही जाणताच,” तो म्हणाला. “म्हणूनच घाईने काही करायला नको. ते गृहस्थ म्हणतात, आपण फक्त ‘आळशी’ म्हणालो. स्ट्युअर्डला नीट ऐकू आलं नाही. गॅफर स्वतःच ओरडत होता. सर्वांत जवळ तुम्ही होतात.”

“होते. आणि मी ऐकलं.” मी ते दोन शब्द जसेच्या तसे उच्चारले. त्या खोलीत ते फार मोठे वाटले.

त्याने चमचा बशीत ठेवला. “गैरसमज नको. तुमचं इंग्रजी उत्तम आहे. पण ती काही तुमची पहिली भाषा नाही. गर्दी, गोंगाट, इथले उच्चार. ऐकण्यात चूक होऊ शकते. नाही का?”

मला आधी राग यायला हवा होता. पण आली ती एक विलक्षण स्वस्थता, एखादा सांधा जागच्या जागी बसल्यावर येते तशी.

“या शब्दांचा एक सख्खा भाऊ आहे,” मी म्हटलं. “तो माझ्यासारख्यांसाठी राखून ठेवलेला असतो. मी तो बसस्टॉपवर ऐकलाय, सुपरमार्केटच्या बाहेर ऐकलाय. त्या अख्ख्या घराण्याचा आवाज मी ओळखते. त्याला इंग्रजी फार चांगलं यावं लागत नाही.”

“हे तुम्ही लेखी द्याल?”

“आत्ता देते.”

त्या माणसावर मैदानात यायची बंदी आली. क्लबने ती बातमी अगदी बारीक अक्षरांत दिली. डेल्रॉयचं पिवळं कार्ड तसंच राहिलं, वर मॅच थांबवल्याबद्दल क्लबकडून समज. माझ्या परमिटला कुणी हात लावला नाही, फक्त जिन्यात भेटल्यावर चेअरमनची मान थोडी कमी झुकायला लागली. हे सगळं मला चालण्यासारखं होतं.

आणि पुढच्याच होम मॅचला मिस आयव्ही आल्या. जांभळी टोपी, हातात थर्मास. डेल्रॉयने त्यांच्यासाठी नेमक्या त्याच चांगल्या खुर्च्यांतली एक मागून घेतली होती. मॅच सुरू झाल्यावर माझ्या मागून आवाज आला, “डेल्रॉय! पाठ सरळ!” मैदानाच्या मध्यावर उभ्या असलेल्या त्या दाराएवढ्या माणसाने झटकन पाठ सरळ केली. सबंध स्टँड हसला. मिस आयव्हींच्या शेजारच्या गृहस्थाने त्यांना स्वतःचं पांघरूण देऊ केलं. “नको,” त्या म्हणाल्या, “मला गार लागत नाहीये. मी इथे आरामात आहे.”

ख्रिसमसच्या सुट्टीत आम्ही हाउन्सलोला अभयच्या मामांकडे गेलो. त्यांच्या घरावरून विमानं इतकी खालून जातात की वाक्य अर्धं सोडून थांबावं लागतं. मामा विमानतळावर कार्गोत होते, नुकतेच रिटायर झालेले. मी नोव्हेंबरची हकीकत सांगितली तेव्हा ते म्हणाले, “तू चांगलंच केलंस, पण जपून गं. ही काळी माणसं तापटच असतात. अंगात रग फार, डोकं कमी.”

त्यांची मुलगी नेहा, इथेच जन्मलेली, केंब्रिजला रिसर्च करणारी, सोफ्यावर पाय दुमडून बसली होती. तिने मान वर केली.

“बाबा, असा नको बोलू ना. इट्स नॉट ऑन.”

“अगं, मी आपलं अनुभवानं...”

“तुझा अनुभव काय होता? तूच सांगतो ना, तुला प्रमोशन नाही दिला. तुझा बॉस काय म्हणायचा? इंडियन लोक हार्डवर्किंग आहे, पण मॅनेजमेंट मटेरियल नाही. मग सेम गोष्ट आहे ना ही?”

एक विमान गेलं. ते जाईपर्यंत कुणालाच बोलता येईना. बऱ्याच वेळाने, नेहा चहा करायला उठल्यावर, ते मला म्हणाले, “शिफ्टचं सगळं प्लॅनिंग मीच करायचो. कुठलं विमान आधी भरायचं, कुठली माणसं कुठे लावायची. साहेब फक्त सही करायचा.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “तुझ्या त्या कॅप्टनला म्हणावं, पुढे अर्ज कर. आपल्यासारखी वाट बघत बसू नकोस.” ते ‘आपल्यासारखी’ म्हणाले.

डेल्रॉयने अर्ज केलाच. मार्चमध्ये क्लबच्या दुय्यम संघाला नवा कोच हवा होता. लागणाऱ्या सगळ्या परीक्षा त्याच्या झालेल्या, कॅप्टन म्हणून सगळी मुलं त्याचं ऐकणारी. इंटरव्ह्यूच्या दिवशी तो राखाडी सूट घालून वर गेला आणि परतताना तसाच ट्रीटमेंट रूममध्ये येऊन टेबलावर आडवा झाला. पँट वर सरकवून गुडघा पुढे केला. मी बर्फ लावला.

“काय म्हणाले?”

“फार छान बोलले. मी क्लबचा आधारस्तंभ आहे. शक्तिस्थान आहे.” तो छताकडे बघत होता. “कोचची जागा नाही देणार. त्यांना मी कम्युनिटी अँबॅसडर व्हायला हवाय. शाळांमध्ये जायचं, पोस्टरवर हसायचं. क्लबचा चेहरा.”

“तू काय म्हणालास?”

“म्हटलं, तुम्हाला माझा चेहरा हवाय. मी तर डोकं घेऊन आलोय.”

“मग?”

“मग चेअरमनने घड्याळ बघितलं.”

ती जागा त्याच्याच एका जुन्या गोऱ्या साथीदाराला मिळाली. त्याच्या परीक्षा व्हायच्या होत्या. त्या काय, काम करता करता होतील, असं ठरलं. तो माणूस वाईट नव्हता. त्याने स्वतः डेल्रॉयला फोन करून सांगितलं की हे तुझं होतं, मला माहीत आहे. डेल्रॉय म्हणाला, “माहीत असून घेतलंस, तर आता नीट कर.” मग त्यालाच अर्धा तास मुलांबद्दल सांगत बसला, कोणाला रागावलेलं चालतं, कोणाला नाही.

एप्रिलमध्ये क्लबने डेल्रॉयला पुढच्या सीझनसाठी ठेवायचं नाही असं ठरवलं. कारण गुडघा. मला बोलावून विचारलं गेलं, तुमचंही तेच मत आहे ना? मी म्हटलं, नाही. गुडघा जुना आहे, पण सांभाळला तर अजून एक सीझन सहज काढेल. तुम्हाला त्याला सोडायचं असेल तर सोडा, तो तुमचा अधिकार आहे. पण माझ्या तोंडून नको.

डेल्रॉयला हे सांगितलं तेव्हा तो खो खो हसला. “या क्लबात माझ्यापेक्षा माझ्या गुडघ्याचं जास्त चालतं!”

मला वाटलं होतं, तो मोडून पडेल. एवढ्या वर्षांचं मैदान, एवढी माणसं. पण त्याचं दुःख आणि त्याची दिशा या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. दुःख होतंच. शेवटच्या मॅचनंतर तो बराच वेळ रिकाम्या गोलपुढे उभा होता, मी बघितलं. मग आत आला, अंघोळ केली आणि दुसऱ्या दिवसापासून इतर क्लबांना फोन करायला बसला. मीही हॉस्पिटलला अर्ज केला. त्यांनी मला परत घेतलं, परमिटसकट. अभयने त्या दिवशी केक आणला आणि जाहीर केलं की आमच्या घराची जोखीम आता किरकोळ वर्गात मोडते.

आता वाटतं, ताकद या शब्दाचा अर्थ मी त्या सीझनमध्ये नव्याने शिकले. रेडिओवाल्यांची ताकद मांडीत असते. ती मी रोज हातांनी चाचपलेली आहे, ती वयानुसार उतरते. चेअरमनची ताकद खोलीत असते, गालिच्यात, कपांत, प्रश्न कोण विचारणार आणि उत्तर कोण देणार यात. डेल्रॉयची तिसरीच होती. आपण काय आहोत हे त्याने कुणाला ठरवू दिलं नाही, आणि त्यासाठी आवाजही चढवला नाही.

जुलैत त्याचा फोन आला. पूर्व किनाऱ्यावरच्या, समुद्राचा खारा वारा थेट मैदानात येणाऱ्या एका छोट्या प्रोफेशनल क्लबने त्याला मॅनेजर केलं होतं. कोच नाही, सगळा संघ चालवणारा मॅनेजर. सगळ्यात खालची डिव्हिजन, गळकं छप्पर. “इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न काय होता, सांगू?” तो म्हणाला. “डिफेन्स कसा लावशील? तीन तास बोलत होतो गं!”

ऑगस्टमधली त्यांची पहिली मॅच बघायला मी आणि अभय गाडी घेऊन गेलो. सीगल पक्षी स्टँडच्या छपरावर रांगेने बसले होते. डेल्रॉय टचलाइनवर होता, अलीकडच्या बाजूला, हात मागे बांधून. फारसा ओरडत नव्हता. मधूनच कुणाला तरी जवळ बोलावून दोन वाक्यं सांगायचा. त्याचा संघ धडपडला, एक गोल केला, दोन खाल्ले आणि हरला.

मॅचनंतर आम्ही त्याला भेटायला ड्रेसिंग रूमच्या बाहेरच्या अरुंद बोळात थांबलो. त्याच्यापुढे स्थानिक पेपरची एक तरुण वार्ताहर हातात छोटा टेपरेकॉर्डर धरून उभी होती.

“या डिव्हिजनमधले तुम्ही एकमेव काळे मॅनेजर,” ती म्हणाली. “पहिल्या मॅचनंतर कसं वाटतंय?”

डेल्रॉयने तिच्याकडे बघितलं. चिडून नाही, कानशिलावरचा घाम पुसत, अगदी मनापासून.

“आम्ही हरलो, बरोबर?”

“हो.”

“दुसरा गोल का झाला, माहितीये?”

ती गोंधळली. “नाही.”

“मग ते विचार ना! माझ्यामुळे झाला. लेफ्ट बॅकला मी पुढे पाठवलं आणि त्याची जागा कोण भरणार, ते मधल्या मुलाला सांगायचं राहून गेलं. पोरांची चूक नाही, माझी आहे. ही लिही. शनिवारी पुन्हा केली तर मला झोडपून काढ, तो तुझा हक्क आहे. पण या चुकीसाठी झोडप, दुसऱ्या कशासाठी नको.”

ती हसली, आणि मग तिने खरंच विचारलं की लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा डिफेंडर, पुढे गेल्यावर त्याची जागा कोणी भरायची असते. डेल्रॉयने कोट काढून खांद्यावर टाकला आणि भिंतीवर बोटाने दाखवत सांगायला लागला. हा इथून निघतो, तो तिथे सरकतो, गोलकीपरने तेव्हा ओरडायला हवं. आतून खेळाडू एकेक करून बाहेर पडले. अभय माझ्या कानात म्हणाला, पार्किंग बंद होईल. मी हलले नाही. ती मुलगी आता प्रश्नांवर प्रश्न विचारत होती आणि तो प्रत्येकाचं उत्तर देत होता. तेवढ्यात टेपरेकॉर्डरचं बटण खट्कन वर आलं. टेप संपली होती.

“बदल टेप,” डेल्रॉय म्हणाला. “अजून पहिल्या गोलचं सांगायचंय.”